जागा कमी नाही, ती आपल्या नावावर नाही



"लोकसंख्या फार वाढली, देशात जागाच उरली नाही, म्हणून शहरात झोपडपट्ट्या झाल्या." हे वाक्य मी एम.ए.च्या वर्गात ऐकले, तहसीलच्या वऱ्हांड्यात ऐकले आणि आता आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकतो आहे. एका शिबिरात नगरसेवक होऊ पाहणाऱ्या आपल्या तरुणाने भाषणात हे इतक्या सहज टाकले की समोरच्यांनी टाळ्याही वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे लोक असे होते की ज्यांच्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. आपल्याला 'जास्तीचे' ठरवणाऱ्या वाक्याला आपणच टाळ्या द्यायच्या, हे मला सहन झाले नाही. म्हणून हा लेख.

आधी हिशेब पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख आणि घनता चौरस किलोमीटरला ३६५. सरासरी काढली की सगळे सारखे दिसतात, सरासरीचे कामच ते. ती फोडली की मुंबई उपनगर जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमध्ये २०,९८० माणसे दिसतात. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात १९३. नदीपलीकडे गडचिरोलीत ७४. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून राज्याच्या जमिनीचा जवळपास बारावा हिस्सा होतात आणि लोक राज्याच्या तीन टक्केही नाहीत. देशाचेही तसेच. २०११ मध्ये देशातले ३१ टक्के लोक शहरात होते आणि ती सगळी शहरे मिळून देशाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्के जागा व्यापत होती.

म्हणजे जागा नाही हे खोटे आहे. मग कोणी म्हणेल, गडचिरोली तर जंगल आहे, तिथे काय मुंबई वसवायची? नाही. माणसे चटईसारखी सगळीकडे सारखी अंथरा, असे माझे म्हणणे नाही, आणि जंगल तोडा असे तर मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच की माणूस कुठे राहतो हे मोकळी जागा पाहून ठरत नाही. ते काम कुठे आहे आणि जमीन कोणाची आहे यावरून ठरते. या दोन्ही गोष्टी निसर्गाने ठरवलेल्या नाहीत. त्या माणसांनी, म्हणजे सत्ता हातात असलेल्या माणसांनी ठरवलेल्या आहेत.

आपल्या जिल्ह्याचे उदाहरण घ्या. कोळसा इथे, पाणी इथे, महाऔष्णिक वीज केंद्र इथे. २,९२० मेगावॅटचे केंद्र दुर्गापूर-ऊर्जानगरच्या डोक्यावर राख टाकत उभे आहे. वीज कुठे जाते? चंद्रपूरपासून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्च दाबाची वाहिनी टाकलेली आहे, १,५०० मेगावॅट वाहून नेण्याची तिची क्षमता, आणि ती १९९९ पासून चालू आहे. तांत्रिकदृष्ट्या मोठे काम आहे, इंजिनिअरांचे कौतुकच करायला हवे. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्या तारेत एक धोरण दिसते. कारखाना विजेजवळ आणण्याऐवजी वीज कारखान्याजवळ नेली. मग त्या विजेच्या मागे आपला मुलगाही गेला. तार जमिनीवरून साडेसातशे किलोमीटर गेली, हा रेल्वेच्या जनरल डब्यात उभा राहून तेवढाच गेला. तारेच्या त्या टोकाला, ठाणे जिल्ह्यात, २००१ ते २०११ या दहा वर्षांत लोकसंख्या ३६ टक्क्यांनी वाढली. या टोकाला चंद्रपूर जिल्ह्यात ६.४ टक्क्यांनी. राज्याची वाढ १६ टक्के होती. सगळाच फरक स्थलांतराचा नाही, इथला जन्मदरही कमी आहे हे मान्य. पण आपल्या गावातल्या कोणत्याही वस्तीत जा आणि पंचविशीतली पोरे मोजा. बाकी आकडेवारीची गरज पडणार नाही.

"इथं काय ठेवलं हाये, पुण्याले जा," असे बापच पोराला सांगतो. बापाचे चूक नाही.

आता तो पोरगा शहरात कुठे उतरतो ते पाहू, कारण 'शहरात जागा नाही' हे दुसरे खोटे तिथे उघडे पडते. २०११ मध्ये बृहन्मुंबईतले सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते आणि त्या सगळ्या झोपडपट्ट्या शहराच्या साधारण आठ टक्के जमिनीवर होत्या. गणित करा. झोपडीतल्या माणसाच्या वाट्याला जेवढी जमीन येते तिच्या सुमारे आठपट बाकीच्यांच्या वाट्याला येते. त्यात रस्ते, विमानतळ, खाडी, राष्ट्रीय उद्यान सगळे धरलेले आहे, हे खरे. ते वजा करूनही गर्दी शहराची नसून शहराच्या एका तुकड्याची आहे, हे बदलत नाही. आणि शहराला गर्दी झाली म्हणून जी कुऱ्हाड पडते ती नेमकी त्याच तुकड्यावर. घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर आपल्याला ११ जुलै १९९७ च्या गोळीबारामुळे आणि त्या दहा शहिदांमुळे माहीत आहे. ती वस्ती मुळात तिथे का होती, हा प्रश्न आपण क्वचित विचारतो. मुंबईला सफाई करणारे, गोदीत ओझे उचलणारे, घरकाम करणारे हात हवे होते. त्या हातांना राहायला जागा द्यायची नव्हती.

जागा देता येत नव्हती असे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या इंग्रज सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि चाळी बांधल्या. पुढे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेब कितीतरी वर्षे राहिले. त्या खोल्या काही राजवाडे नव्हत्या. पण कामगाराला कामाजवळ घर लागते आणि ते बाजारात मिळत नाही, एवढे परक्या सरकारलाही कळले होते. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा केला. शेतजमिनीला जशी सिलिंग, तशी शहरातल्या मोकळ्या जमिनीला. मुंबईत एका धारकाला ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येणार नव्हती, जास्तीची सरकारजमा होणार होती. कायदा वाचला तर क्रांतिकारी वाटतो. पण त्याच कायद्यात कलम २० होते, सवलतीचे. पुढच्या दाराने मर्यादा आली आणि मागच्या दाराने सवलती वाटल्या गेल्या. तीस वर्षे ही गंमत चालली. मग 'कायदा अपयशी ठरला' असे जाहीर झाले, केंद्राने १९९९ मध्ये तो मागे घेतला आणि महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये. घर गळते म्हणून छप्परच काढून टाकावे, तसा प्रकार. कायदा रद्द झाल्यावर जमिनी मोकळ्या होतील आणि घरे स्वस्त होतील, असे तेव्हाच्या अर्थतज्ज्ञांनी सांगितले होते. मुंबईत घर किती स्वस्त झाले ते तुम्हीच सांगा.

गिरण्यांची कथा याहून वाईट. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. मागे उरली मुंबईच्या मध्यभागातली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने ढोबळमानाने तिचे तीन वाटे केले होते. एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे होतील, शेड पाडून मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे होणार नाहीत. गिरणीत मोकळी जमीन असते किती? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल कायम केला. एका नियमातला एक शब्द बदलला आणि लाखो लोकांच्या घरांची जागा मॉलची झाली. ज्यांना वाटते की जमिनीचा वापर हा नकाशे काढणाऱ्यांचा तांत्रिक विषय आहे, त्यांनी ही एक ओळ नीट वाचावी.

आणि हो, त्या गिरण्यांतही आपल्याला सगळीकडे प्रवेश नव्हता. विणकाम खात्यात पगार जास्त होता. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्य कामगार चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. शहर जात विसरायला लावते हे अर्धेच खरे आहे. नागपुरात शिकत असताना मी खोली शोधत फिरलो. एका घरमालकाने आधी आडनाव विचारले, ते ऐकून गाव विचारले, मग म्हणाला, "आम्ही फक्त शाकाहारी लोकांनाच देतो." मी शाकाहारी आहे असे सांगितले तेव्हा त्याला त्याच दिवशी आठवले की त्याचा भाचा राहायला येणार आहे. असे भाचे देशभर आहेत. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ मध्ये हेच दाखवले. त्याआधी २०१२ मध्ये त्रिणा विठायाथिल आणि गायत्री सिंग यांनी देशातल्या सात महानगरांचे वॉर्डनिहाय आकडे तपासले. तिथे माणसे श्रीमंत-गरीब या रेषेपेक्षा जातीच्या रेषेवर जास्त वेगळी राहतात, असे निघाले.

नगररचनेच्या अभ्यासक्रमात शिकवतात की जमिनीचे झोन पाडण्याची कल्पना युरोपातून आली. मला हसू येते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातला ५१ वा श्लोक काढून पाहा. चांडाळांची वस्ती गावाबाहेर असावी, हा झोनिंगचाच नियम आहे. आणि त्याची अंमलबजावणी आजच्या कोणत्याही विकास आराखड्यापेक्षा चोख झाली.

आता घरांची टंचाई. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. २०१२ मध्ये सरकारच्याच तज्ज्ञ गटाने शहरी घरांची टंचाई १ कोटी ८८ लाख सांगितली आणि त्यातली ९५ टक्क्यांहून अधिक दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची. एकाच शहरात कुलूप लावलेले घर आणि घर नसलेला माणूस शेजारी शेजारी. यात लोकसंख्येचा काय दोष? बांधलेले घर कोणी राहावे म्हणून नाही, भाव वाढावा म्हणून ठेवलेले आहे. सोने तिजोरीत असते तसे.

ज्यांना वाटते की हा सगळा मुंबईचा भूतकाळ झाला, त्यांनी पुण्याच्या मुंढव्याकडे पाहावे. तिथली ४० एकर महार वतनाची जमीन ३०० कोटींना विकल्याचा व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरात बाहेर आला आणि त्यावर चौकशी बसली. वतन म्हणजे गावाची फुकट राबणूक करण्याच्या बदल्यात मिळालेला तुकडा. बाबासाहेबांनी त्या गुलामीविरुद्ध आयुष्यभर लढा दिला. गाव होते तोवर त्या तुकड्याला कोणी विचारत नव्हते. शहर येऊन पोचले आणि तोच तुकडा कोट्यवधींचा झाला. तेव्हा मात्र मूळ वतनदार व्यवहारात कुठेच नव्हता. शहराची हद्द वाढते तेव्हा पहिला घास असाच दुबळ्याच्या जमिनीचा घेतला जातो.

इथे आपल्या चळवळीतला एक जुना वाद काढणे भाग आहे. काही जण म्हणतात, बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हटले, म्हणून आपण शहरातच जायचे, खेड्यातल्या जमिनीच्या भानगडीत पडायचे नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याची जी चिरफाड केली ती आपल्याला पाठ आहे. पण ते तेवढेच बोलले नाहीत. १९१८ मध्येच त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. भारताच्या शेतीचे दुखणे जमिनीवर पडलेल्या जास्तीच्या माणसांत आहे आणि उपाय औद्योगिकीकरणात आहे, असे त्यात मांडले. म्हणजे त्यांना लोक हलायला हवे होते, पण कामाकडे, झोपडीकडे नव्हे. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात त्यांनी ती मागणी आराखड्यासह मांडली. वसाहत आयोग नेमावा, पडीक सरकारी जमिनीवर नवी गावे वसवावीत, केंद्राने दरवर्षी किमान ५ कोटी रुपये द्यावेत. त्याच मसुद्यात शेतजमीन सरकारी मालकीची करण्याचीही मागणी आहे. आणि १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना ते मुंबईचे वेगळे शहर-राज्य आणि उरलेल्या महाराष्ट्राची तीन राज्ये सुचवतात. देशाला हैदराबाद ही दुसरी राजधानी असावी, असेही म्हणतात. हे सगळे एकत्र ठेवून पाहा. सत्ता, उद्योग आणि माणसे एका जागी साचू नयेत, हा विचार त्यात सलग आहे. आपण त्यातले 'खेडे सोडा' तेवढे घेतले, कारण ते सोपे होते आणि रेल्वेचे तिकीट स्वस्त होते.

दादासाहेब गायकवाडांनी हा धागा सोडला नव्हता. १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवा, लाखो माणसे तुरुंगात गेली. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही त्यातली मुख्य मागणी. आज त्यांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. कागदावर सुंदर. पण जमीन बाजारातून विकत घ्यायची, सरकारी दराने. रस्त्याकडेची जमीन त्या दरात कोणी विकत नाही, आणि जी मिळते तिच्यावर धान सोडा, गवतही नीट येत नाही. सरकारकडे स्वतःची जमीन असताना लाभार्थ्यासाठी बाजारात दुकान शोधत फिरायचे, ही या योजनेची मूळ चूक आहे.

सरकारची जमीन म्हटले की आपल्या भागात विषय झुडपी जंगलावर येतो, आणि तरुणांनी सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवे.

पश्चिम महाराष्ट्रात वतन तरी होते. आपल्याकडे मालगुजारी होती. गावाच्या गुरांना चरायला सोडलेली, काटेरी झुडपांची पडीक जमीन मालगुजाराच्या ताब्यात असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, जमीन सरकारकडे आली. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो आणि महसुली कागदावर त्या जमिनीपुढे 'झुडपी जंगल' असा शेरा राहिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतच हा प्रकार आहे. १९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला आणि 'जंगल' या एका शब्दामुळे ती जमीन वनाच्या नियमात अडकली. तोवर तिच्यावर घरे होती, शेती होती, शाळा होत्या, स्मशाने होती. गावाच्या आबादीत ज्यांना जागा नव्हती ते कुठे जाणार होते? गावाबाहेर. म्हणजे झुडपीत. बाहेर काढले आपल्या माणसाला, आणि बाहेर राहिला म्हणून अतिक्रमणदारही तोच.

२२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. झुडपी जंगल हे वनच मानले जाईल. पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींबाबत राज्याने केंद्राची मंजुरी घेऊन त्या वनाच्या यादीतून वगळाव्यात, त्या माणसांना उठवू नये. नंतरच्या वाटपांवर कडक तपासणी. न्यायालयाने वर्षानुवर्षांच्या टांगत्या तलवारीतून पुष्कळांना सोडवले, हे मोकळेपणाने म्हणायला हवे. पण निकालाचा सगळा भार 'वाटप' या शब्दावर आहे, म्हणजे कागदावर आहे. ज्याच्याकडे पट्टा आहे, सातबाऱ्यावर नोंद आहे, तो वाचेल. जो तितकाच जुना आहे, पण ज्याला तलाठ्याने कधी कागद दिलाच नाही, त्याचे काय? आपल्या वस्त्यांत दुसऱ्या प्रकारचे लोक किती आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

वनहक्क कायद्यातही हीच मेख आहे. आदिवासी बांधवाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. त्याच गावातल्या, त्याच जंगलावर जगणाऱ्या बौद्धाला, ढिवराला मात्र त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करायचे. १९३० च्या सुमाराचा पुरावा! तेव्हा आपल्या आज्याचे नाव शाळेच्या दाखल्यावर यायला शाळेत घ्यायला तर हवे होते. यावरून आदिवासी आणि बौद्ध यांच्यात भांडण लावणारे लोक आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. आदिवासींचा हक्क कमी करा ही आपली मागणी नाही. लेखा-मेंढ्याने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून वाट दाखवली. सामूहिक दावा गावाचा असतो, त्यात गावातला प्रत्येक जण येतो. वैयक्तिक दाव्यासाठी कागद शोधत बसण्यापेक्षा ग्रामसभेतून सामूहिक दाव्याला जोर लावणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

पोंभुर्ण्याला तर आणखी एक गंमत झाली. २०१४ मध्ये राज्याने तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करायचे ठरवले आणि आपण शहरी झालो. सतरा नगरसेवक आले, मुख्याधिकारी आले, पाटी बदलली. धानाची रोवणी तशीच राहिली. शहर म्हणजे काय? जनगणनेत एखाद्या मोठ्या गावाला शहर म्हणायचे तर ५,००० लोकसंख्या, ४०० ची घनता आणि पुरुष कामगारांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, असे निकष लावतात. नगरपंचायतीला यातले काही लागत नाही, एक अधिसूचना पुरते. पण केंद्राची रोजगार हमी ग्रामीण भागापुरती असते, म्हणून शहर झाले की ती गेली. घरकुलाची योजना बदलली, नियम बदलले. रमाई आवासला जागेची मालकी दाखवा म्हणतात, आणि जागा तर नझूल किंवा झुडपी. गावांत ड्रोन फिरवून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना आली, ती गावठाणातल्या घरांसाठी. जो गावठाणाबाहेर आहे त्याच्यावरून ड्रोन नुसते उडून गेले.

नगरपंचायत झाली म्हणजे आज ना उद्या विकास आराखडा येतो. नगररचना कायद्याच्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, मुदत असते. ती जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. ज्याची शेती रस्त्याला लागून आहे त्याला ती बरोबर दिसते. आपली वस्ती त्या नकाशात पिवळी आहे, हिरवी आहे, की तिच्यावरून रस्ता गेला आहे, हे पाहायला आपले किती लोक नगरपंचायतीत जातात? जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग ठरवायला दहा बैठका होतात. त्या व्हाव्यात. त्यातली एक या नकाशासाठी द्या.

शेवटचा मुद्दा जनगणनेचा, आणि तो तातडीचा आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आताची १ मार्च २०२७ च्या संदर्भ तारखेने होणार, प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत. यावेळी जातीची नोंदही आहे. राज्यघटनेनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर मतदारसंघांची फेररचना होऊ शकते. मागच्या फेररचनेत, २००८ मध्ये, विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या. माणसे गेली की जागाही जातात. लोकशाहीत डोकी मोजली जातात, झाडे नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण डोकी निदान नीट मोजली जावीत.

आणि फेब्रुवारीत आपली डोकी असतात कुठे? तेलंगणात, मिरचीच्या शेतात. धान निघाला की पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी, चामोर्शीकडची कुटुंबे लेकरांसकट मिरची तोडायला खम्मम, वारंगलकडे जातात. मागच्या जनगणनेचा नियम असा होता की मोजणीच्या काळात एक दिवसही घरी असाल तर घरी मोजायचे, संपूर्ण काळ बाहेर असाल तर जिथे सापडाल तिथे. शेतातल्या पालावर मोजणारा पोचला तर तेलंगणात मोजले जाणार, नाही पोचला तर कुठेच नाही. तिथे मोजले गेले तरी फायदा शून्य. महाराष्ट्रातल्या बौद्धाची अनुसूचित जातीची नोंद परराज्यातला प्रगणक कशी करील, हा प्रश्न वेगळाच. १९९० च्या दुरुस्तीपासून धर्म बौद्ध लिहूनही अनुसूचित जातीचा हक्क कायम राहतो, हे आपल्या इथल्या शिक्षकांनाही समजावून सांगावे लागते. आणि ही संख्या नुसती संख्या नाही. नगरपंचायतीतल्या राखीव जागा, उपयोजनेचा निधी सगळे तिच्या प्रमाणात ठरते. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याच्या नावावर निदान मोजणीतला एक आकडा तरी असतो. तोही मिरचीबरोबर पोत्यात भरून जाणार असेल तर काय उरले?

म्हणून आमच्या गटाने असे ठरवले आहे. देवाडा खुर्द, घोसरी, जुनगाव, नवेगाव मोरे या गावांत मिरचीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीनंतर लगेच करायची. मुकादमाकडे गाडीनुसार नावे असतातच. ती आणि आपली यादी जुळवायची. त्या यादीसह तहसीलदारांना निवेदन द्यायचे की या कुटुंबांसाठी मोजणीच्या काळात वेगळी सोय करा. यावेळी मोबाइलवरून स्वतः माहिती भरण्याची सोय असणार आहे, तिचा वापर या कुटुंबांना कसा करता येईल हे लेखी विचारायचे. निदान घरातला एक जाणता माणूस मोजणीचे दोन दिवस गावी येईल, त्याच्या येण्याजाण्याचा खर्च वस्तीच्या वर्गणीतून द्यायचा. याच फेरीत प्रत्येक घराला विचारायचे, १९९६ पूर्वीचा कोणता कागद आहे? घरपट्टीची पावती, मतदार यादीतले नाव, शाळेचा दाखला, वीज जोडणीचा कागद. फोटो काढून ठेवायचा, मूळ कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही.

मूल आणि गोंडपिपरीच्या मित्रांनी आपापल्या गावांची यादी करावी. चामोर्शीकडून कोणी पुढे येत असेल तर कळवा, नदीच्या दोन्ही काठांच्या गाड्या बऱ्याचदा एकाच मुकादमाच्या असतात.

जय भीम.